नर पालिताण्याचा, खर्ज जर्मन

आमच्या भागातली पेटी उघडली की आत एका घरचे सूर क्वचितच सापडतात. वरून पॉलिश झकास, पट्ट्या सगळ्या एका मापाच्या, झाकणाच्या आतल्या अंगाला कुठल्यातरी दुकानाचा पितळी बिल्ला. स्क्रू काढून सूरपाटी उलटी केली की खरा प्रकार कळतो. खर्जाच्या ओळीत बरेचसे जुने जर्मन सूर, काळवंडलेले. मध्येच दोन नवे पिवळेधमक. नराची, म्हणजे मधल्या उंचीच्या सुरांची, ओळ पालिताण्याची. आणि वरच्या सप्तकाच्या टोकाला कुणीतरी कधीकाळी बसवलेला असा एक सूर, ज्याचं मूळ गाव विचारू नये. पट्ट्यांखालच्या स्प्रिंगा तिसरीकडच्या, भात्याचं चामडं चौथीकडचं. भजनी मंडळाला यातलं काही ठाऊक नसतं. त्यांच्या लेखी ती ‘आमची आज्याच्या वेळची पेटी’ असते, आणि तेही खोटं नसतं.

मी मलकापुरात पेट्या दुरुस्त करतो. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचं गाव असल्यामुळे गिऱ्हाईक दोन्ही अंगांनी येतं. शाहूवाडी तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवरची भजनी मंडळं तर आहेतच, पण आंबा घाट चढून साखरपा-देवरुखकडचे बुवाही पेटी एसटीच्या मागच्या शिटावर ठेवून घेऊन येतात. गणपतीच्या आधीचा महिना सगळ्यात वाईट. तेव्हा पाऊस ऐन भरात असतो, लाकूड फुगलेलं असतं, पट्ट्या एकमेकींना घासून अडकतात, आणि प्रत्येकाला पेटी परवापर्यंत हवी असते. बाप सुतार होता, म्हणून लाकडाची भाषा घरातच मिळाली. सुरांची मिळाली ती कोल्हापुरात, एका म्हाताऱ्या मिस्त्रींच्या हाताखाली. त्यांच्या बाकाखाली एक पत्र्याचा डबा असायचा. मोडलेल्या, भिजलेल्या, उंदरांनी खाल्लेल्या पेट्यांतून काढलेले सूर त्यात पडलेले असत. मिस्त्री कुणाला हातातली पकड देतील, पण तो डबा देणार नाहीत. आता तसे डबे माझ्याकडे आहेत, आणि मलाही ते कुणाला द्यावेसे वाटत नाहीत.

एकाचं काढून दुसऱ्याला लावायचं, हे आमच्या धंद्याचं मूळच आहे. पेटीच मुळात अशी जुळून आलेली. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यांनी 1842 साली ‘हार्मोनियम’ या नावाचं पेटंट घेतलं तेव्हा ते पायाने भाता मारायचं, टेबलाएवढं वाद्य होतं. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या द्वारकिन कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी त्याला मांडी घालून वाजवण्याजोगं केलं. पाय काढले, भाता मागे आणला, एक हात वाऱ्याला आणि एक सुराला. पेटी इथल्या लाकडाची, सूर मात्र बोटीने पॅरिसहून नाहीतर जर्मनीहून यायचे. पुढे ते आटत गेले, आणि गुजरातेतल्या पालिताण्याच्या कारागिरांचे पितळी सूर देशभर गेले. म्हणजे ज्याला लोक ‘अस्सल’ पेटी म्हणतात, तीसुद्धा पहिल्या दिवसापासून दोन मुलखांची होती.

सूर म्हणजे काय, ते एकदा हातात घेऊन बघण्यासारखं आहे. एक पितळी पट्टी, तिच्यात लांबट खाच, आणि खाचेवर एका टोकाला रिव्हेटने ठोकलेली पातळ जीभ. जीभ खाचेतून केसभर अंतराने आत-बाहेर होते, कुठेही कडेला टेकत नाही. वारा आला की ती थरथरते, आणि थरथरण्याच्या वेगावर तिचा सूर ठरतो. टोकाकडून खरवडलं की जीभ हलकी होते आणि सूर चढतो. रिव्हेटजवळ खरवडलं की ती लवचीक होते आणि सूर उतरतो. खरवडताना जिभेखाली पातळ पत्री सरकवायची, नाहीतर जीभ वाकते आणि कामाचा विचका होतो. एवढ्यावर सगळी विद्या संपते असं ऐकणाऱ्याला वाटतं. सुराची उंची जुळवणं खरोखरच सोपं आहे. हल्ली मोबाइलवर काटा बघून शाळकरी पोरगंही जुळवेल. अवघड आहे ते परक्या सुराला शेजाऱ्यांत बसवणं.

खाली वाडीवरच्या एका बुवांची पेटी आली होती. नराच्या ओळीतला मधल्या सप्तकातला ‘म’ गेलेला, जीभ मुळाशी तडकलेली. हा सूर दर अभंगात लागणार, म्हणजे पेटी मुकीच म्हणायची. डब्यात त्याच उंचीच्या जवळपासचा एक जर्मन सूर सापडला. बुवा समोर बसलेले. जर्मन म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले.

“बसवा की मग. बरं झालं, एक तरी जर्मन हुईल आमच्या पेटीत.”

“बुवा, बसवतो. पन तुमच्या हाताला तो टिकायचा न्हाई.”

“म्हंजी?”

“तुमी भाता हाणताय. ह्येला हळू वारा लागतोय. जोरात हाणला की गप बसंल.”

“मग गजर काय कुजबुजत म्हनायचा व्हय?”

बुवांचा प्रश्न बरोबर होता. त्या जर्मन सुराची जीभ पाटीच्या अगदी जवळ टेकवलेली होती. बैठकीत ख्यालाच्या साथीला बोटाच्या हलक्या स्पर्शाला, भात्याच्या अर्ध्या ओढीला बोलावा म्हणून कुणीतरी तो तसा बसवला होता. जीभ जितकी पाटीला चिकटून, तितका सूर चटकन बोलतो. पण वाऱ्याचा लोंढा आला की ती खाचेत दबून राहते आणि आवाज कोंडतो. भजनात पखवाज, टाळ, वीस-पंचवीस माणसांचे गळे; त्यावर पेटी ऐकू यायची तर भाता हाणावाच लागतो. म्हणून जिभेचं टोक थोडं उचललं. वहीच्या कागदाची एक घडी खालून सरकेल एवढं. आता तो जोराला बोलू लागला, पण हळू वाऱ्याला शेजाऱ्यांपेक्षा किंचित उशिरा. दोन्ही कडांना एकदम खूश करता येत नाही. शेजारच्या पालिताण्याच्या सुरांच्या जिभा किती उचललेल्या आहेत ते डोळा जमिनीला समांतर आणून बघायचं आणि त्यांच्याशी जुळवायचं, एवढंच हातात असतं.

पण मग आवाजाचा पोत उरतो. जुना जर्मन सूर गोलसर, थोडा मऊ. बुवांच्या पेटीतले बाकीचे खणखणीत. सारेग वाजवत गेलं की ‘म’वर आल्यावर कुणीतरी दार लोटून घेतल्यासारखं वाटायचं. इथे मिस्त्रींनी शिकवलेली युक्ती कामाला आली. पेटी दोन ओळींची होती, दोन्ही नराच्या. पुढच्या ओळीतला सूर गेला होता. मागच्या ओळीतला त्याच उंचीचा सूर शाबूत होता, आणि तो पुढच्या ओळीतल्यांचाच सख्खा भाऊ. मागचा काढून पुढे आणला, आणि जर्मन पाहुणा मागच्या ओळीत बसवला. मागची ओळ भरण्यासाठी असते. तिथला थोडा वेगळा आवाज कानाला खुपत नाही, उलट दोन्ही मिळून ‘म’ थोडा भरदारच झाला. पाटी लांबीला जास्त होती म्हणून मागची कड कानशीने घेतली. खाली चामड्याच्या जागी नवा कागद घातला, स्क्रूची जुनी भोकं काडीपेटीच्या काड्या आणि सरस घालून बुजवली, नव्याने टोचा मारला. खालून वारा निसटत नाही ना, ते ओठ लावून फुंकून बघितलं. हे शेवटचं काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. माझं ठाम मत आहे की पेटीच्या आवाजात सुराच्या जातीपेक्षा वाऱ्याच्या गळतीचा हात मोठा असतो. भाता फुटका आणि सूर जर्मन, अशा कितीतरी पेट्या लोक मिरवतात.

जुन्या सुरांचं आणखी एक दुखणं आहे. फ्रान्समध्ये 1859 साली सरकारने सुराची उंची कायद्याने ठरवली, धैवताचा सूर सेकंदाला 435 कंपनं. आज सगळीकडे 440 धरतात. म्हणजे त्या मापावर घडवलेला सूर आजच्या पेटीत आणला तर अर्ध्या स्वराच्या पाचव्या हिश्शाइतका उतरलेला लागतो. कानाला हा फरक चांगलाच कळतो. दोन सूर जोडीने वाजले की ‘वाँव-वाँव’ अशी लहर उठते. चढवायचा तर टोक खरवडावं लागणार, आणि शंभर वर्षांच्या पितळेवर कानस चालवताना हात जड होतो. आमच्याकडच्या कितीतरी पेट्या मात्र ना 435 वर आहेत ना 440 वर. प्रत्येक दुरुस्ती करणाऱ्याने आपल्या काट्यावर लावलेल्या, त्यामुळे कुठेतरी अधेमधे. मी मोबाइलचा काटा फक्त सुरुवातीला बघतो. नवा सूर पेटीतल्या बाकीच्यांशी जुळवायचा असतो. अख्खी पेटी एकटी उभी असते. तिला बासरीवाला किंवा गिटारवाला भेटणार असेल तरच 440 चा हट्ट.

मलकापूर म्हणजे विशाळगड जहागिरीचं गाव. जुने वाडे अजून आहेत, पडतात, विकले जातात. अशाच एका घराच्या माळ्यावरून मोडक्या पायपेटीचे अवशेष माझ्याकडे आले. लाकूड वाळवीने खाल्लेलं, पण सुरांची अख्खी ओळ शाबूत. आनंद झाला, आणि बघता बघता मावळला. ते अमेरिकन धाटणीचं ऑर्गन होतं. आपली पेटी वारा दाबून सुरातून बाहेर काढते. तसल्या ऑर्गनमध्ये भाता वारा ओढून घेतो आणि सूर त्या ओढीवर बोलतो. नाटक कंपन्यांत, संगीत नाटकाच्या ऐन बहरात, हेच पायऑर्गन रंगमंचापुढे असायचं. त्याच्या सुरांना स्क्रूची भोकंच नसतात. प्रत्येक सूर आपल्या खोबणीत सरकवलेला, मागच्या टोकाला आकडा अडकवायची खाच. आकड्याने ओढला की बाहेर. जिभेलाही एक बाक दिलेला असतो, त्यामुळे आवाजात गोडवा येतो. पेटीत बसवायचा तर पाटी उलट्या बाजूने लावायची, भोकं पाडायची, जीभ सरळ करायची. एवढं केल्यावर ज्या गोडव्यासाठी तो घेतला तोच निघून जातो. काही सूर मी तरीही वापरले. बाकीचे तसेच ओळीने ठेवले आहेत. कुणी अख्खं ऑर्गन दुरुस्तीला आणलं तर ते सूर त्याच्या घरी जातील.

या दोन्हींच्या मधोमध बसतो तो माउथ ऑर्गन. माझ्याकडे तो फार उशिरा आला, आणि आला तेव्हा मला हसूच आलं, खिशातली पेटी. पण उघडून बघितल्यावर आदर वाटला. त्यात दोन पितळी सूरपाट्या असतात. वरच्या पाटीवरचे सूर फुंकल्यावर बोलतात, खालच्या पाटीवरचे ओढल्यावर. पेटी आणि ऑर्गन एकमेकांना पाठ लावून निजल्यासारखे. मध्ये लाकडाची किंवा प्लास्टिकची फणी, तिच्या दातांमधून वाऱ्याच्या वाटा. बाहेरून पत्र्याची दोन कव्हरं. भाता म्हणजे माणसाची छाती.

‘शोले’ 1975 साली आला आणि जयच्या हातातल्या बाज्याने महाराष्ट्रभर पोरांना वेड लावलं. तो तुकडा पडद्यामागे भानू गुप्ता यांनी वाजवलेला. त्याआधी ‘दोस्ती’त राहुलदेव बर्मन यांनी लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यासाठी माउथ ऑर्गन वाजवला होता. आमच्या भागात त्या काळचे बाजे अजून कपाटांतून निघतात. बहुतेक चिनी बनावटीचे, 24 घरांचे, दुहेरी भोकांचे. त्यात प्रत्येक स्वराला दोन सूर, एकमेकांपासून मुद्दाम केसभर ढळलेले, म्हणजे वाजवताना आवाजाला लहर येते. पेटीवाल्याचा हात सवयीने ती लहर मारायला जातो. इथे आवरावा लागतो. असल्या दोन मेलेल्या बाज्यांतून एक जिवंत करायचा तर एकाच्या पाटीवरचा सूर दुसऱ्याच्या पाटीवर नुसता लावून भागत नाही. जोडीदाराशी किती ढळलेला ठेवायचा, ते त्या बाज्यातल्या बाकीच्या जोड्या ऐकून ठरवायचं.

खरी मजा दहा घरांच्या छोट्या बाज्यात आहे. तालुक्यातल्या एका शाळेतले गुरुजी माझ्याकडे होनरचा ‘मरीन बँड’ घेऊन आले. जर्मनीतल्या ट्रॉसिंगेन गावच्या मथियास होनर यांनी 1857 साली बाजे करायला सुरुवात केली, आणि ‘मरीन बँड’ 1896 पासून बनतो आहे. गुरुजींचा बाजा जुन्या धाटणीचा, फणी लाकडी, सगळं बारीक खिळ्यांनी ठोकलेलं. आमच्या पावसात आणि तोंडाच्या ओलीत लाकूड इतकं फुगलं होतं की फणीचे दात पुढे आले होते. वाजवताना ओठ सोलायचा. उन्हाळ्यात तीच फणी आक्रसायची आणि दातांशेजारून वारा पळायचा.

गुरुजींनी कुठेतरी ऐकलं होतं की एका मॉडेलचे भाग दुसऱ्याला बसतात. ते काही अंशी खरं आहे. होनरनेच नंतर ‘मरीन बँड डिलक्स’ आणि ‘क्रॉसओव्हर’ काढले. घराणं तेच, पण खिळ्यांच्या जागी स्क्रू, आणि ‘क्रॉसओव्हर’ची फणी तर बांबूची. बाहेरची कव्हरं या भावंडांत आपसात अदलाबदल करता येतात. जास्त उघड्या पाठीचं कव्हर लावलं की आवाज मोकळा होतो, वाजवणाऱ्याला तरी तसं ऐकू येतं. पण ‘स्पेशल 20’सारख्या प्लास्टिक फणीच्या बाज्याकडे जायचं तर गाडी अडते, कारण तिथे पितळी पाट्या फणीच्या आत बुडवलेल्या असतात आणि मरीन बँडमध्ये त्यांच्या कडा बाहेर दिसतात. जपानी बाज्यांचं माप आणखी वेगळं. काहींच्या पाट्या तर सुट्या विकत मिळतात, मोडली की नवी लावा. ती सोय चांगली, पण मलकापुरात पार्सल यायला लागतात ते दिवस आणि पाटीची किंमत धरली तर गुरुजी म्हणाले, “त्यापेक्षा नवाच घेतो की.”

बांबू म्हटल्यावर माझे कान टवकारले. शाहूवाडीत बांबूला काय तोटा! मी वाळलेल्या बांबूच्या पट्ट्या सोलून, त्या उभ्या-आडव्या चिकटवून, दाबाखाली ठेवून एक फळी केली. तिच्यातून फणी कापली. बापाकडून आलेली सुतारकी अशा वेळी उपयोगी पडते. दहा घरांच्या मधले दात इतके बारीक की करवतीचं पातं स्वतः घासून पातळ करावं लागलं. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं काम, सपाटी. खिडकीची जुनी काच टेबलावर ठेवायची, तिच्यावर बारीक पॉलिश पेपर, आणि फणी त्यावर आठच्या आकड्यात फिरवत राहायची. पेन्सिलीने फणीवर रेघा मारायच्या. घासल्यावर जिथे रेघ उरली तिथे खड्डा आहे. सगळ्या रेघा एकदम पुसल्या गेल्या की फणी सपाट. पितळी पाट्याही तशाच, खिळे काढताना वाकलेल्या, काचेवर ठेवून दाबून बघायच्या. शेवटी फणीला मेण पाजलं, म्हणजे तोंडाची ओल आत जाणार नाही. खिळ्यांच्या भोकांतून बारीक स्क्रू आणि मागून नट. चष्म्याच्या दुकानातले स्क्रू या कामाला फार छान, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत असतो.

बाजा एकदम जोरदार झाला. कमी वाऱ्यात बोलू लागला. सूर तेच, पाट्या त्याच, कव्हरं तीच. बदलली फक्त फणी आणि वाऱ्याची गळती. गुरुजी म्हणाले, बांबूचा आवाज वेगळाच असतो. मला तसं वाटत नाही. फणी लाकडाची, बांबूची की प्लास्टिकची यावर बाजेवाले भांडतात ते ऐकून मला आमचे सागवान की देवदार वाले पेटीवाले आठवतात. फणी सपाट असेल तर कशाचीही चालते, आणि वाकडी असेल तर चंदनाची करूनही उपयोग नाही.

गुरुजींची दुसरी तक्रार मात्र फार रंजक निघाली. ते शाळेत प्रार्थनेला पेटीबरोबर बाजा वाजवायचे, आणि ‘ग’ लागला की दोन्हींच्यात लहर उठायची. बाकी स्वर ठीक. त्यांना वाटलं सूर बिघडला. सूर बिघडलेला नव्हता. पेटीत सप्तकाचे बारा समान तुकडे केलेले असतात, त्यामुळे पेटीचा शुद्ध गंधार खऱ्या गंधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या शंभरातले चौदा हिस्से चढा असतो. तंबोऱ्यावर बसलेल्या गवयाला तो टोचतो. याच आणि अशाच तक्रारींवरून 1940 साली आकाशवाणीने पेटीला दार बंद केलं होतं, ते तीसेक वर्षांनी उघडलं. डॉ. विद्याधर ओक यांनी 22 श्रुतींची पेटी केली, तिचंही मूळ इथेच. आणि जुन्या मरीन बँडमध्ये सा-ग-प एकदम फुंकल्यावर गोड लागावेत म्हणून गंधार मुद्दाम उतरवून ठेवलेला असतो. म्हणजे गुरुजींच्या खिशातला दहा घरांचा बाजा गंधाराच्या बाबतीत गवयाच्या बाजूचा होता आणि शाळेची पेटी एकटी पडली होती. गोविंदराव टेंबे कोल्हापूरच्या मातीत वाढले, ‘मानापमान’ला चाली दिल्या, पेटीवर सारा महाराष्ट्र डोलवला. तेही याच चढ्या गंधाराच्या पेटीवर बोटं ठेवून. तेव्हा पेटीला नावं ठेवताना मी जरा जपून बोलतो.

उपाय दोन. ‘गोल्डन मेलडी’ नावाचं होनरचंच जुनं मॉडेल पेटीसारखं समान अंतरांवर लावलेलं असायचं. तसला बाजा शोधून त्याचे सूर काढून लावायचे. गुरुजींचा कल तिकडे. माझा नव्हता. त्यासाठी एक चांगला बाजा मोडावा लागला असता, आणि बाजा मोडून बाजा करणं मला तरी पटत नाही. मेलेल्याचे अवयव घ्यावेत, जित्याचे नव्हेत. पांढरी एकचा बाजा होता. त्यात फुंकायचा ‘ग’ दुसऱ्या, पाचव्या आणि आठव्या घरात. त्या तीन जिभांची टोकं पत्री खाली धरून किंचित खरवडली. पेटीचा ‘ग’ एका हाताने धरून ठेवायचा, बाजा तोंडात, लहर मंद होत होत थांबते तिथे थांबायचं. आता बाजा पेटीशी जुळला, आणि एकटा तीन सुरांत फुंकला की पूर्वीचा गोडवा थोडा कमी झाला. ते मी गुरुजींना आधीच सांगितलं होतं. त्यांनी विचार केला, म्हणाले, “पोरं पेटीबरोबर म्हणतात. पेटीला जुळू दे.”

बारा घरांचे, बटण दाबून कोमल स्वर काढायचे बाजेही अधूनमधून येतात. सिनेमाची गाणी वाजवणाऱ्यांना तेच लागतात. त्यात सुरांवर प्लास्टिकच्या बारीक झडपा असतात आणि पावसाळ्यात त्या चिकटतात. मेलेल्या बाज्यातल्या झडपा सोडवून लावता येतात, पण ते काम डोळ्यांचं आहे आणि माझे डोळे आता पन्नाशीचे आहेत. स्टीलच्या जिभांचे जर्मन बाजे निघाले आहेत, त्यांना माझी कानस शिवतही नाही. ते मी सरळ परत करतो.

गिऱ्हाइकाशी होणारा सगळ्यात लांबलेला वाद मात्र अजून तोच. पेटी परत नेताना माणूस विचारतो, “जर्मनच आहेत न्हवं सगळे?” बाजारात पेटीची किंमत या एका शब्दावर वर-खाली होते, आणि पालिताण्याचा सूर काळवंडवून जर्मन म्हणून खपवणारे आहेत. पालिताण्याचा चांगला सूर वाईट जर्मन सुरापेक्षा कधीही बरा, हे मी सांगून थकलो. म्हणून आता प्रत्येक पेटीच्या आत, सूरपाटीच्या शेजारी, एक चिठ्ठी चिकटवतो. खर्ज अमुक, नर तमुक, कुठला सूर कुठून आणला, किती खरवडला, तारीख. मंडळाला एक प्रत कागदावर. काहींना ते आवडत नाही. विकताना अडचण होते म्हणतात. एकाने तर चिठ्ठी काढून टाकायला सांगितली. मी काढली नाही, पेटी त्याने दुसरीकडे नेली.

जे ठेवतात त्यांच्या पेट्या फिरून येतात तेव्हा मजा येते. घाटाखालून एक पेटी परत आली. मधल्या काळात तिकडच्या कुणीतरी दुरुस्ती करणाऱ्याने ती उघडली होती आणि माझ्या चिठ्ठीखाली स्वतःच्या अक्षरात भर घातली होती. काळी दोनचा खर्ज बदलला, भात्याच्या कोपऱ्याला नवं चामडं, स्प्रिंग एक. अक्षर सुबक, काम त्याहून सुबक. चामडं इतकं साफ बसवलेलं की मी दोनदा बोट फिरवलं. फक्त नराच्या ओळीतल्या एका सुरापुढे त्याने ‘जर्मन’ लिहून ठेवलं होतं. तो सूर मी बसवलेला, पालिताण्याचा. इतका जुना आणि इतका चांगला बोलणारा की त्याची चूक होणं साहजिक होतं. मी पेन काढलं, ‘जर्मन’ खोडलं, ‘पालिताणा’ लिहिलं, आणि पेटीवाल्याला सांगितलं की घाटाखाली पुन्हा जाल तेव्हा त्या मिस्त्रींना विचारा, काळी दोनचा सूर त्यांनी कुठून आणला; तसला आणखी एखादा मिळाला तर मला हवा आहे.